पाळण्यापाशी बसलेली चित्रकर्ती

पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात एक लहानसे तैलचित्र आहे. उंची ५६ सेंटिमीटर, रुंदी ४६ सेंटिमीटर. दोन्ही हातांनी सहज उचलता येईल एवढेच. चित्राचे नाव ‘पाळणा’. बेर्त मोरिसो या फ्रेंच चित्रकर्तीने ते १८७२ साली रंगवले. एक तरुण स्त्री पाळण्यापाशी बसली आहे आणि पाळण्यात तान्हे मूल झोपले आहे, इतकाच त्याचा विषय. चित्रात कोणी येत नाही, कोणी जात नाही, काही घडत नाही. तरीही ते पाहणाऱ्यांचे एका साध्या प्रश्नावर आजवर एकमत झालेले नाही. ही स्त्री सुखी आहे का?

मी व्यवसायाने कलाशिक्षिका आहे. मूळ चित्र पाहण्याचा योग मला अद्याप आलेला नाही. माझ्याजवळ आहे ती त्याची छापील प्रत. विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने वसतिगृहातील आठवणी लिहाव्यात असे सुचवले होते. आठवणींऐवजी मी एका चित्राविषयी लिहीत आहे. परंतु चित्र पाहायला मी याच विद्यालयात शिकले, आणि जिच्यामुळे शिकले तीही येथलीच विद्यार्थिनी. त्यामुळे वाट थोडी लांबची वाटली, तरी ती आपल्या विद्यालयापर्यंत येते, एवढा विश्वास वाचकांनी बाळगावा.

प्रथम चित्र नीट पाहू. डाव्या बाजूला ती स्त्री बसली आहे. अंगात गडद रंगाचा, पट्ट्यांचा पोशाख. गळ्याशी काळी फीत. उजवीकडचा बराचसा भाग पाळण्याने आणि त्यावरून उतरणाऱ्या तलम जाळीने व्यापलेला आहे. स्त्रीचा डावा हात कोपरात दुमडून गालापाशी टेकला आहे. झोपलेल्या बाळाचाही एक हात तसाच दुमडून डोक्याशी गेला आहे. आईचा चेहरा, तिची खाली वळलेली नजर, बाळाचे मिटलेले डोळे, अशी एक तिरपी रेषा चित्रभर उतरते, आणि मागच्या पडद्याचा कल त्या रेषेला आणखी ठळक करतो. आई मुलाला स्पर्श करीत नाही. तिचा उजवा हात आहे तो जाळीच्या कडेवर. दोघांना जोडते ती फक्त नजर आणि हातांची सारखी घडी.

ही जाळी मला या चित्राचा गाभा वाटते. ती आपल्या आणि बाळाच्या मध्ये आहे. बाळ आपल्याला धूसर दिसते. आईला ते स्वच्छ दिसत असणार, कारण ती जाळीच्या पलीकडे डोकावते आहे. आपण चित्रासमोर उभे राहतो आणि लक्षात येते की, या खोलीत आपल्याला फार पुढे येऊ दिलेले नाही. उलट आईचा चेहरा आपल्यासमोर उघडा आहे, त्यावर पुरेसा उजेड आहे, एकही रेषा लपलेली नाही. तरी तिच्या मनात काय चालले आहे ते कळत नाही. ज्याच्यावर पडदा आहे ते मूल आपण ओळखतो, आणि जिच्यावर पडदा नाही ती आई अनोळखी राहते.

वर्गात हे चित्र दाखवताना मी विद्यार्थ्यांना एक काम देते: यातला पांढरा रंग शोधा. जाळी पांढरी, दुपटी पांढरी, पडदा पांढरा, असे ते भराभर सांगतात. मग जवळून पाहायला लावले की नुसता पांढरा रंग फारसा कुठेच सापडत नाही. सावलीत निळसर, घडीत राखाडी, कडेला गुलाबी झाक. पातळ रंगाचे हलके फटकारे एकमेकांवरून गेले आहेत आणि त्यांतून कापडाचा पारदर्शकपणा उभा राहिला आहे. रेषेने वस्तू कोंडून न ठेवता, त्या क्षणीच्या उजेडात ती डोळ्याला कशी दिसली ते रंगाने पकडायचे, ही जी नवी दृष्टी त्या काळी फ्रान्समध्ये आली, तिला आपण दृक्प्रत्ययवाद म्हणतो. इम्प्रेशनिझम या नावाने ती जगभर ओळखली जाते. या चित्रकारांचे पहिले प्रदर्शन १५ एप्रिल १८७४ रोजी पॅरिसमध्ये, नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत सुरू झाले. मोने, रन्वार, देगा, पिसारो अशा तीसएक जणांत बेर्त मोरिसो ही एकटी स्त्री होती. मोनेच्या ज्या सूर्योदयाच्या चित्रावरून या पंथाला नाव मिळाले, ते आणि ‘पाळणा’ एकाच प्रदर्शनात लोकांसमोर आले.

युरोपच्या जुन्या चित्रपरंपरेत प्रतीकांचा जणू ठरलेला कोश होता. लिलीचे फूल म्हणजे पावित्र्य, कवटी म्हणजे मृत्यूचे स्मरण. झोपलेले बाळ आणि त्यावरचे तलम वस्त्र हेही त्याच कोशातले. लूव्र संग्रहालयात राफाएल आणि त्याच्या कार्यशाळेच्या नावे असलेले एक चित्र आहे. त्यात मेरी झोपलेल्या बाल येशूवरील वस्त्र हलकेच उचलते आहे. त्या वस्त्रात पाहणाऱ्याने पुढच्या कफनाची चाहूल ओळखावी, असा संकेत होता. मोरिसो वर्षानुवर्षे लूव्रमध्ये बसून जुन्या चित्रांच्या प्रतिकृती करीत असे. ही परंपरा तिला परकी नव्हती. तिने आई, बाळ आणि जाळी घेतली. प्रभामंडळ घेतले नाही. तिची आई वस्त्र उचलून बाळ जगाला दाखवत नाही. ती जाळी आपल्या बाजूने ओढून घेते.

दुसरे प्रतीक आहे गालाशी टेकलेला हात. युरोपीय कलेत ती खिन्नतेची फार जुनी मुद्रा आहे. ड्यूररने १५१४ साली कोरलेल्या ‘मेलेंकोलिया’ या प्रसिद्ध मुद्राचित्रात पंख असलेली एक स्त्री अशीच गालाला हात टेकून बसली आहे. भोवती अवजारे विखुरलेली आहेत आणि काम थांबलेले आहे. आपल्याकडे हे कोणी पुस्तकातून शिकवावे लागत नाही. घरात कोणी गालाला हात लावून बसले की वडीलधारी माणसे लगेच टोकतात, “असं बसू नये.” ती मुद्रा काळजीची आहे हे आपल्या आज्यांना ड्यूररइतकेच ठाऊक होते.

परंतु येथेच सावध व्हायला हवे. दृक्प्रत्ययवादी चित्रकार प्रतीक चिठ्ठीसारखे चिकटवीत नाहीत. रात्री नीट झोप न झालेली कोणतीही आई अशीच बसेल. गालावरचा हात खिन्नतेचा असू शकतो, थकव्याचा असू शकतो, आणि निव्वळ निवांतपणाचाही असू शकतो. म्हणून चित्रातील स्त्री कोण होती, हे जाणून घेणे येथे उपयोगी ठरते.

ती बेर्तची बहीण होती, एद्मा. बाळ म्हणजे एद्माची मुलगी ब्लांश. एद्मा १८३९ सालची, बेर्त १८४१ सालची. दोघी लहानपणापासून एकत्र चित्रकला शिकल्या. पॅरिसच्या सरकारी कलाविद्यालयाचे दार स्त्रियांना १८९७ पर्यंत बंद होते, म्हणून त्यांचे शिक्षण खासगी शिक्षकांकडे झाले. थोर निसर्गचित्रकार कोरो यांचे मार्गदर्शन दोघींना लाभले. वडिलांनी बागेत दोघींसाठी चित्रशाळा बांधून दिली. १८६४ साली ‘सालों’ या सरकारमान्य वार्षिक प्रदर्शनात दोघींची चित्रे एकाच वर्षी लागली. पुढची काही वर्षे हेच चालू राहिले. मग १८६९ साली एद्माचे लग्न पोंतियों नावाच्या नौदल अधिकाऱ्याशी झाले, ती लोरियां या बंदराच्या गावी राहायला गेली, आणि तिचे चित्र काढणे थांबले.

तिच्यावर कोणी जुलूम केला असे नाही. नवरा भला होता, तो चित्रकार एदुआर माने याचा मित्रही होता. पण लग्नानंतर काही दिवसांतच एद्माने बेर्तला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. मनाने ती बहिणीच्या मागे मागे चित्रशाळेत वावरत होती, आणि पाव तास का होईना, त्या हवेत श्वास घेता यावा असे तिला वाटत होते.

आता एक योगायोग पाहा. त्याआधी, १८६५ च्या सुमारास, एद्माने बेर्तचे एक चित्र रंगवले होते. बेर्त चित्रफलकासमोर उभी आहे, हातात कुंचला आहे, मागे काळोख आहे आणि ती पूर्णपणे आपल्या कामात आहे. म्हणजे मोठ्या बहिणीने धाकटीला चित्र काढताना रंगवले, आणि सात वर्षांनी धाकटीने मोठीला पाळण्यापाशी बसलेली रंगवले. दोन्ही चित्रांतल्या स्त्रिया खाली किंवा समोर एका गोष्टीकडे टक लावून पाहत आहेत. चित्रकाराची नजर एकदा लागली की ती जात नाही. ‘पाळणा’ पाहताना मला प्रत्येक वेळी वाटते की एद्मा बाळाकडे आईसारखी पाहते आहेच, पण जाळीतून गालावर उजेड कसा पडला आहे हेही ती पाहत असली पाहिजे. शिकलेला डोळा पाळण्यापाशी बसला म्हणून आंधळा होत नाही.

हे चित्र मी अनेक जणांना दाखवले आहे आणि त्यांना विचारले आहे की ही बाई काय विचार करीत असेल. नववीतला एक मुलगा म्हणाला, “मच्छर येऊ नयेत म्हणून बसली आहे.” उत्तर चुकीचे नव्हते, पहारा हा या चित्राचा एक खरा भाग आहे. एक मुलगी म्हणाली की तिला कंटाळा आला आहे, पण तसे कोणाला सांगता येत नाही. वसतिगृहात राहणारी एक मुलगी बराच वेळ गप्प होती. मग ती म्हणाली, “ती उद्या जाणार आहे. म्हणून बघून घेते आहे.” वर्गातल्या इतरांना ते समजले नाही. मला समजले. ज्यांनी आपले मूल निवासी शाळेत आणून सोडले आणि परतीच्या एस.टी.त बसण्याआधी एकदा मागे वळून पाहिले, त्या पालकांनाही ते समजेल.

आणि मी ते माझ्या ताईला दाखवले.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. आपल्या विद्यालयाच्या वसतिगृहात आम्ही दोघी एकाच खोलीत होतो. जुन्या मुलींना ती आठवत असेल, कारण तिच्याकडे वापरलेल्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी जमवलेल्या असत आणि त्यांवर आम्हा सगळ्यांची चित्रे असत. रविवारी न्हाणे झाले की पायऱ्यांवर मुली एकीमागे एक बसून एकमेकींच्या वेण्या घालीत. ती रांग तिने कितीदा तरी काढली. चेहरे ती फार तपशिलात काढीत नसे. मान किती झुकली आहे, खांदा कुठे ढिला पडला आहे, एवढ्यावरून कोणती मुलगी कोण हे ओळखू येई. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही रेखाकला परीक्षांत तिला ‘अ’ श्रेणी होती. मला तिने शिकवलेली पहिली गोष्ट अशी: “डोळे किलकिले करून बघ. सगळं बारीकसारीक जातं, फक्त उजेड आणि सावली उरते. आधी तेवढं काढ.” पुढे कलाशिक्षणाच्या पदविकेला असताना दृक्प्रत्ययवादाचा धडा आला, तेव्हा त्यातले मर्म मला आधीच ठाऊक होते; ते वसतिगृहाच्या पायऱ्यांवर शिकलेले होते.

बारावीनंतर ताईचे लग्न झाले. स्थळ चांगले होते, घर मायाळू होते, कोणाकडे बोट दाखवावे असे काही नव्हते. जाताना तिने आपली जलरंगांची पेटी मला दिली. तिच्यातील निळ्या रंगाची वडी मधोमध झिजून खड्डा पडलेली होती. मी तीच पेटी घेऊन पदविकेच्या प्रवेश परीक्षेला बसले.

तर, ताई एकदा माझ्याकडे राहायला आली असता तिने ‘पाळणा’ची प्रत पाहिली. तिला मी एद्माबद्दल काहीच सांगितले नव्हते. ती चित्र खिडकीशी घेऊन गेली, नेहमीप्रमाणे डोळे किलकिले केले, मग पूर्ण उघडून पाहिले. म्हणाली, “मूल आत्ताच झोपलंय. आता घटकाभर ही तिची स्वतःची आहे.” थोड्या वेळाने हसून म्हणाली, “पण काय करावं ते ठरवेपर्यंत ते उठेल.”

या चित्रावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. कोणी त्याला वात्सल्याचे चित्र म्हणतात, कोणी हरवलेल्या आयुष्याचे. ताईच्या दोन वाक्यांत मला दोन्ही मते एकत्र आलेली दिसली. मुलावर माया नसती तर ती जाळीपाशी बसलीच नसती. आणि स्वतःचे असे काही मनात नसते, तर घटकाभर वेळेचे मोल तिला कळले नसते. माया आणि हुरहुर यांतील एकच खरे आणि दुसरे दिखाऊ, असे मानण्याचे कारण नाही.

बेर्तने चित्र रंगवले तेव्हा तिचे स्वतःचे लग्न झालेले नव्हते. एद्माच्या वाट्याला आलेला प्रश्न तिच्याही पुढे होताच. बहिणीची करुणा यावी असे चित्र तिला काढता आले असते: कोपऱ्यात धूळ खाणारा रंगफलक, डोळ्यांत पाणी. किंवा धन्य मातेचे हसरे चित्र काढता आले असते आणि ते बहुधा विकलेही गेले असते. तिने यांपैकी काहीच केले नाही. तिने बहिणीचे सुखही स्वतः ठरवले नाही आणि दुःखही. बाळाला जशी जाळी दिली, तशी बहिणीच्या मनालाही एक जाळी दिली. समोरच्या माणसाला बारकाईने पाहणे आणि तरीही त्याच्या वतीने निकाल न देणे, हा मला या चित्राचा सर्वांत मोठा गुण वाटतो. आपल्या समारंभांत आपण आईच्या त्यागाचा गौरव भरभरून करतो आणि तो करायलाच हवा. मात्र त्याग म्हटले की काहीतरी बाजूला ठेवले गेले असणार. ते नेमके काय होते, हे विचारायला आपण सहसा थांबत नाही.

चित्राचे पुढे काय झाले, तेही सांगण्यासारखे आहे. १८७४ च्या प्रदर्शनात त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. ते एद्माच्या घराण्यातच राहिले आणि १९३० साली लूव्रने ते विकत घेतले. बेर्तने त्याच वर्षी, १८७४ च्या डिसेंबरात, एदुआर मानेचा भाऊ यूजेन याच्याशी लग्न केले. तिने काम सोडले नाही. या चित्रकारांच्या एकूण आठ प्रदर्शनांपैकी सातांत तिची चित्रे होती. एकच चुकले, ते १८७९ चे, मुलगी ज्यूली जन्मल्यानंतरचे. तिची तैलचित्रे चारशेच्या आसपास आहेत. मार्च १८९५ मध्ये, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी ती वारली. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर नोंद झाली: व्यवसाय नाही. थडग्यावर कोरले गेले ते तिचे नाव आणि ती कोणाची विधवा, एवढेच.

एका बहिणीने कुंचला खाली ठेवला, दुसरीने मरेपर्यंत ठेवला नाही. सरकारी कागदावर दोघींचा रकाना सारखाच राहिला.

या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांना जे माहितीपत्रक पाठवले होते, त्यातही ‘व्यवसाय’ असा एक रकाना आहे. ताईचे पत्रक मी तिला फोनवर विचारून भरले. त्या रकान्याशी आले तेव्हा ती सहज म्हणाली, “गृहिणी लिही.” मी तसे लिहिले. ते खरे आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. सूचीत तिच्यासारख्या कितीतरी जणींच्या नावापुढे हाच शब्द येईल. त्यांतली कोणी लेझीम पथकात सर्वांपुढे असे, कोणाचे गणित वर्गात कोणालाच गाठता येत नसे, कोणी अशी गात असे की शेजारच्या खोलीतल्या मुली वह्या मिटून ऐकत बसत. ते सगळे आपण पाहिले आहे. आपण त्याचे साक्षीदार आहोत, आणि आपल्या विद्यालयाखेरीज त्याची नोंद ठेवणारे दुसरे ठिकाण नाही.

म्हणून संपादक मंडळाला माझी एक नम्र सूचना आहे. पुढील अंकाच्या माहितीपत्रकात ‘व्यवसाय’च्या खाली आणखी एक रकाना असावा: विद्यालयात असताना आपल्याला काय उत्तम येत होते? ताईच्या बाबतीत त्या रकान्यात काय लिहायचे ते मला ठाऊक आहे. तरी पत्रक या वेळी मी भरणार नाही. ते तिच्याकडेच पाठवावे.